वागळे इस्टेटमधला रेकॉर्डिंग स्टुडिओ: खोलीचे पैसे द्या, पॅकेजचे नको

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. कॉलेजच्या ऑडिओ प्रोजेक्टसाठी कव्हर साँग (आधीचं गाणं आपण नव्याने गाऊन-वाजवून) करायचंय, ग्रुपमध्ये बऱ्यापैकी गाणारं कोणीतरी आहे आणि मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) तुम्ही स्वतःच करणार आहात, तर ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात पहिल्या मजल्यावर जो छोटा स्टुडिओ आहे तो एकदम पैसा वसूल. पण त्यांचं ते 'कव्हर साँग पॅकेज' म्हणजे रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग (तयार गाण्यावर शेवटचा हात) आणि वर व्हिडिओ, ते अजिबात घेऊ नका. स्टुडिओचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली काही गोष्टी वाईट लिहिणारे आणि चालवणारा माणूस मनाने चांगला आहे, उगाच त्याच्या धंद्यावर कशाला पाय द्या. नाव नाही म्हणून वैतागू नका, मी जे जे तपासलं ते तुम्ही कुठल्याही स्टुडिओत जाऊन तपासू शकता.

आमचा प्रोजेक्ट काय होता ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. एक कव्हर साँग करायचं, तयार कराओके ट्रॅक चालणार नाही, प्रत्येक वाद्य आपणच रेकॉर्ड करायचं, आणि शेवटी नुसतं गाणं द्यायचं नाही तर पूर्ण मल्टिट्रॅक सेशन (प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर असलेलं) आणि कुठला माइक कुठे आणि का लावला याचा रिपोर्ट पण द्यायचा. सरांचं म्हणणं असं की गाणं कसं झालं याला निम्मे मार्क, तसं का झालं ते सांगता येतं का याला निम्मे. आम्ही साठच्या दशकातलं एक भावगीत घेतलं. कुठलं ते सांगत नाही, नाहीतर खाली सगळे मूळ गाणं किती भारी होतं यावरच बोलत बसतील आणि ते होतंच भारी, त्यात काय वाद नाही. एक गाणारी, एक तबल्याला (कळव्याचा आहे, लहानपणापासून भजनी मंडळात वाजवतो), एक पेटी आणि कीबोर्ड दोन्ही सांभाळणारा, आणि लॅपटॉपसमोर मी.

घरी का नाही केलं असं सगळे विचारतात. बाबांनो, माझं घर नौपाड्यात आणि सबमिशन गणपतीच्या तोंडावर. त्या दिवसांत ठाण्यात संध्याकाळी शांत जागा शोधून दाखवा. कुठे ना कुठे ढोल-ताशा पथकाची प्रॅक्टिस चालूच असते आणि ढोलाचा तो खालचा आवाज भिंत, खिडकी, कपाट, गोधडी कशालाच जुमानत नाही. लोक ऑनलाइन फोमचे तुकडे मागवून भिंतीला चिकटवतात आणि म्हणतात खोली साउंडप्रूफ झाली. नाही होत. फोम खोलीतल्या आवाजाचा वरचा पट्टा शोषतो, म्हणजे टाळी वाजवली की जो चर्र आवाज येतो तो कमी होतो, पण बाहेरचा आवाज आत येणं थांबवायला वजन लागतं, जाड भिंत लागते, फटी बंद लागतात. अंड्याचे ट्रे लावणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

तर या स्टुडिओची खरी कमाई म्हणजे त्याची ती आतली खोली. बाहेरून बघाल तर विश्वास बसणार नाही. गाळ्याचा जिना, खाली फॅब्रिकेशनचं दुकान, वेल्डिंगचा वास, आणि वर एक साधा पांढरा दरवाजा. पण आत खोलीत खोली बांधलीये. जमीन रबरावर उचललेली, जिप्सम बोर्डाचे दोन थर, मधे रॉकवूल, दोन दरवाजे एकामागे एक आणि मधे माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. काम करणाऱ्याने अक्कल वापरलीये कारण कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत जाड बेस ट्रॅप (खालचे आवाज शोषणारे गठ्ठे) आहेत, जे छोट्या खोलीत सगळ्यात जास्त लागतात आणि दिसायला चांगले नसतात म्हणून बरेच जण लावतच नाहीत. स्टेशनजवळच्या एका चकाचक स्टुडिओत आम्ही आधी बघायला गेलेलो, तिथे एलईडी पट्ट्या, सोफा, भिंतीवर गिटार, फोटो काढायला एक नंबर, आणि टाळी वाजवली तर टणत्कार. तिथे तासाचा रेट इथल्यापेक्षा जास्त होता.

कुठल्याही स्टुडिओत गेलात तर पैसे देण्याआधी एक करा. माइक लावायला सांगा, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) चांगला वर करायला सांगा, सगळ्यांना गप्प बसवा आणि अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. जो स्टुडिओ हे करायला टाळाटाळ करेल तिथून निघा. इथे दादाने (चालवणाऱ्याला सगळे दादाच म्हणतात, चाळिशीचा असेल, पूर्वी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा) स्वतःहून ऐकवलं. एसी चालू असताना सुस्कारा येतो, बंद केला की जवळपास काही नाही. म्हणजे टेक चालू असताना एसी बंद आणि मधल्या वेळेत चालू. उकडतं. गाणाऱ्याने कॉटनचे कपडे घालून जा, आणि सळसळणारा ड्रेस, बांगड्या, किणकिणणारं कानातलं काही नको, माइकला सगळं कळतं.

आता सगळ्यात कामाची टिप. शुक्रवारचा स्लॉट घ्या. वागळे इस्टेटमध्ये बऱ्याच युनिट्सना शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते हे ठाणेकरांना माहितीये, पण स्टुडिओ बुक करताना कोणाच्या डोक्यात येत नाही. बाकीच्या दिवशी खालचा ग्राइंडर चालू झाला की दोन थर जिप्सममधूनही एक बारीक थरथर येते. ती ऐकण्यापेक्षा मीटरवर जास्त दिसते आणि गाण्याच्या आवाजावर लो कट (खालचे आवाज कापणारा फिल्टर) मारला की जातेही, पण डग्ग्याचा आवाज त्याच पट्ट्यात असतो, तिथे लो कट मारला तर डग्गाच जाईल. आमचा तबला शुक्रवारीच झाला त्यामुळे त्रास नाही. शुक्रवार मिळाला नाही तर निदान तबला-ढोलकी जेवणाच्या सुट्टीत उरका, तेव्हा खाली शांत असतं.

सामान किती आहे यावर मी फार लिहीत नाही कारण स्टुडिओवाले त्याचीच यादी सगळीकडे लावतात. एक मोठ्या डायफ्रॅमचा कंडेन्सर (बारीकसारीक आवाज टिपणारा माइक), दोन बारीक पेन्सिल कंडेन्सर, दोन शुअर एसएम ५७ आणि एक ५८ हे साधे दणकट माइक, आठ इनपुटचं इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), बंद कपांचे हेडफोन चार. स्टुडंट प्रोजेक्टला एवढं रग्गड झालं. कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम पॉवर लागते आणि ती चालू असताना केबल खेचायची नाही, ही एकच गोष्ट दादा दहादा सांगतो.

गाणाऱ्याचं सेशन जिथे झालं तिथे मला या जागेची किंमत कळली. आमच्या गाणारीचा आवाज बारीक आणि टोकदार आहे. आधी ती माइकला चिकटून गायला लागली, कारण रीलमध्ये सगळे तसेच गाताना दिसतात. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकच्या जवळ गेलं की आवाजातला बेस फुगतो, एक-दोन शब्दांना ते गोड वाटतं आणि अख्खं गाणं तसं असलं की घुमायला लागतं. दादाने तिला मागे घेतलं आणि म्हणाला, "एक वीत. आणि वर जाशील तेव्हा अजून थोडी मागे." वीत म्हणजे तिची वीत, स्वतःच्या हाताने मोजून. पॉप फिल्टर अंगठ्याच्या टोकाला, माइक करंगळीच्या टोकाला. त्यानंतर ती हलली की मला मीटर बघायची गरज नव्हती, तीच हात धरून अंतर तपासायची.

दुसरी गोष्ट मराठी गाणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कधी सापडणार नाही. सगळे 'स' आणि 'श' च्या शिट्टीबद्दल बोलतात पण मराठीत चांदणं, चाफा, जपून, झाड यातला जो दातांवरचा च, ज, झ आहे तो त्याहून वाईट फुटतो, कारण त्यात आधी ठोका आहे आणि मग सुस्कारा. आमच्या धृवपदातच असा एक 'च' होता आणि प्रत्येक वेळी तो सुईसारखा टोचायचा. डीएसर (शिट्टी दाबणारं सॉफ्टवेअर) लावून बघितला तर सुस्कारा कमी झाला पण शब्द बोबडा वाटायला लागला. दादाने माइक जरासा तिरका केला, म्हणजे कॅप्सूल (माइकचा आवाज पकडणारा भाग) तोंडासमोर न ठेवता ओठांच्या थोडी वर आणि खाली झुकलेली, श्वासाची धार खालून निघून गेली आणि तो 'च' जागेवर बसला. 'भ' आणि 'फ' चे फटके पण त्यानेच कमी झाले. प्लगिन शून्य. रिपोर्टमध्ये आमचं सगळ्यात मोठं प्रकरण यावरच आहे, तिरक्या आणि सरळ माइकचे दोन्ही टेक जोडलेत.

गेनच्या बाबतीत पण दादा शहाणा आहे. बरेच जण अजून मीटर लाल होईपर्यंत वर नेतात. २४ बिटला रेकॉर्ड करताना सगळ्यात जोरातली ओळ मायनस १० डीबीच्या (शून्याला आवाज फाटतो) आसपास राहिली तरी काही बिघडत नाही, नंतर वर करता येतं, फाटलेला आवाज मात्र शिवता येत नाही.

सुराचा एक किस्सा. जुनी टेपवरची रेकॉर्डिंग्ज आजच्या कीबोर्डच्या सुराला तंतोतंत असतीलच असं नाही, टेपचा वेग जरा इकडेतिकडे झाला की सगळं गाणंच वरखाली सरकतं. आमचं गाणं पेटीच्या पट्ट्यांवर पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे कुठेतरी होतं. घरी ऐकून ऐकून आमची गाणारी त्या अधल्यामधल्या सुरातच बसलेली. पेटीला फाइन ट्यूनचं बटण नसतं ना. दादाने मूळ गाणं बंदच करायला लावलं, काळी चारचा तानपुरा लावला आणि तिला बराच वेळ नुसता सा आणि प लावत बसवलं. आमचा तासाचा मीटर चालू होता म्हणून माझा जीव खालीवर होत होता पण बरोबर केलं त्याने. सा काळी चार म्हटल्यावर तबला पंचमात घेतला म्हणजे काळी दोनला, त्यासाठी लहान तोंडाचा दायाँ (उजव्या हाताचा तबला) लागतो. आमच्या कळवेकराकडे तो होता, तुमच्याकडे नसेल तर आधीच कोणाकडून तरी मागून ठेवा. स्टुडिओत एक तबला आहे पण मोठ्या तोंडाचा, काळी एकच्या वर नेला की पुडी (वरचं चामडं) ओरडते. आणि पावसाळ्यात घरून आणलेला तबला एसीच्या खोलीत ठेवला की सूर सरकतो, त्यामुळे आल्या आल्या वाद्यं आत ठेवा, चहा प्या, मग हातोडी काढा.

तबल्याला दादाने दायाँवर पेन्सिल कंडेन्सर आणि डग्ग्यावर एसएम ५७ लावला. दोन माइक असले की फेजची भानगड येते, एकच आवाज दोन्हीकडे जरा मागेपुढे पोचतो आणि एकत्र केल्यावर आवाज पोकळ होतो. नियम असा सांगतात की दोन माइकमधलं अंतर माइक आणि वाद्याच्या अंतराच्या निदान तिप्पट असावं. तबल्यात ते दरवेळी जमत नाही कारण दोन्ही वाद्यं मांडीला मांडी लावून बसलेली. मग एका माइकची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून ऐकायचं, ज्यात डग्ग्याची घुमक भरीव वाटेल ते ठेवायचं. हे त्याने मला करायला लावलं, स्वतः खुर्ची सोडून उठला. इथे मी त्याला पूर्ण मार्क देते. बाकीच्या ठिकाणी स्टुडंटला माउसला हात लावू देत नाहीत, आपण काचेमागे पाहुण्यांसारखे बसायचं.

क्लिकबद्दल (हेडफोनमध्ये लय दाखवणारी टिक टिक) आमचा आणि दादाचा वाद झाला. गाणं दादऱ्यात. मूळ गाण्याची लय धृवपदाला एक आणि अंतऱ्याला किंचित वेगळी आहे, माणसं एकत्र बसून वाजवायची तेव्हा तसंच व्हायचं. तबलेवाला म्हणाला क्लिकवर वाजवलं तर ठेका मशीनसारखा होईल. दादा म्हणाला क्लिक नसेल तर नंतर एडिटिंगला रडाल. शेवटी मधला मार्ग निघाला, आधी तबला आणि गाणं दोघांनी मिळून मोकळं गायलं-वाजवलं, त्यावरून मी सहा मात्रांचा टेम्पो मॅप काढला म्हणजे लय जिथे हलते तिथे क्लिकही हलतो, आणि मग त्या क्लिकवर सगळं वेगवेगळं रेकॉर्ड केलं. वेळ गेला पण ठेका जिवंत राहिला.

त्याच क्लिकवरून दादाच्या कानाची कमाल सांगते. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी गाण्यात एक थांबा आहे, फक्त तानपुरा. टेक मस्त झालेला, आम्ही सगळे काचेमागे खूश, आणि हा म्हणतो, "अगं, मागे टिक टिक येतेय बघ." आम्हाला कोणालाच ऐकू येईना. त्याने गाण्याच्या माइकचा तेवढा तुकडा सोलो केला म्हणजे एकटाच ऐकवला, आवाज वर केला, आणि हो, हेडफोनमधून गळून क्लिक माइकमध्ये शिरलेला. वाद्यं वाजत असताना झाकला जातो, शांत जागी उघडा पडतो. मग त्याने क्लिकच्या व्हॉल्यूमला ऑटोमेशन टाकलं, थांब्याच्या जागी क्लिक जवळजवळ शून्य, आणि तेवढा तुकडा परत घेतला.

आता पॅकेज. हे मी घेतलं नाही, आमच्याच वर्गातल्या दुसऱ्या ग्रुपने घेतलं आणि त्यांची फाइल मी माझ्या लॅपटॉपवर नीट ऐकलीये. मिक्सिंग दादा करत नाही, संध्याकाळी येणारा कोणीतरी करतो आणि त्याच्याकडे एकच साचा आहे. आवाजावर पिच करेक्शन (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) सगळ्यात कडक सेटिंगला. नाचायच्या गाण्यावर ते चालतं एकवेळ, भावगीतात मींड असते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं, कडक ट्यूनिंग तिला जवळच्या सुरांवर खेचून बसवतं आणि मुरकी तर ओळखूच येत नाही. त्या मुलीने चांगलं गायलंय हे मला माहितीये, मी समोर ऐकलंय तिला. फाइलमध्ये तीच मुलगी सापडत नाही. वर रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) इतका की शब्द कळायला लिरिक्स लागतील.

आणि मास्टरिंग. त्यांचा ट्रॅक मीटरवर टाकला तर मायनस ७ एलयूएफएसच्या (गाणं किती जोरात ऐकू येतं त्याचं माप, शून्याजवळ म्हणजे जास्त जोरात) आसपास, वेव्हफॉर्म म्हणजे नुसती वीट. हे एवढं जोरात करून उपयोग काय? स्पॉटिफाय प्लेबॅकला साधारण मायनस १४ वर आणून ठेवतं, यूट्यूब पण जोरातलं गाणं खाली ओढतं. म्हणजे ऐकणाऱ्यापर्यंत पोचताना आवाज तेवढाच होतो आणि तबल्याची थाप मात्र कायमची चपटी झालेली असते. आमचं मी मायनस १४ च्या आगेमागे ठेवलं, ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) मायनस १. सरांनी काही म्हटलं नाही, म्हणजे बरं असावं.

पॅकेजमधला व्हिडिओ म्हणजे तीच फेअरी लाइट्सची भिंत आणि गाणाऱ्याने हेडफोन लावून डोळे मिटायचे. असो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पॅकेज विकताना ते सांगतात 'यूट्यूबवर टाकून देतो, कॉपीराइटचं टेन्शन नाही'. हे त्यांचं सगळ्यात चुकीचं वाक्य आहे आणि इथे जरा थांबते कारण पोरं खरंच फसतात. गाण्यात हक्क दोन प्रकारचे. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, आणि जे रेकॉर्डिंग आहे त्याचा वेगळा. तुम्ही स्वतः वाजवून गायलंत म्हणजे रेकॉर्डिंग तुमचं, पण शब्द आणि चाल तुमची होत नाही. तो हक्क गीतकार-संगीतकारांच्या आयुष्यभर आणि त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे 'जुनं गाणं आहे, चालतं' हे साठच्या दशकातल्या गाण्यांना सहसा लागू होत नाही. कॉलेजच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी गाणं सादर करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली सूट आहे. नेटवर टाकणं त्यात बसत नाही. कव्हर व्हर्जनसाठी २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलं, त्यात मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं जायला हवीत, आधी नोटीस आणि रॉयल्टी द्यायची, दरवर्षी कमीत कमी ५०,००० कॉप्यांची, शब्द-चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल नको आणि वेष्टनावर ते कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. स्टुडंटच्या आवाक्यातली गोष्ट नाहीये. प्रत्यक्षात यूट्यूबवर काय होतं तर बऱ्याचदा कंटेंट आयडी (यूट्यूबची आपोआप तपासणी) गाणं ओळखतं, हक्कवाल्याचा क्लेम येतो, जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे जातात आणि व्हिडिओ राहतो, पण ठेवायचा की काढायचा ते त्यांच्या मर्जीवर. ज्यांना हे चालतं त्यांनी टाका, पण 'टेन्शन नाही' म्हणणाऱ्याला पैसे देऊन टाकू नका. आम्ही कॉलेजात सबमिट केलं आणि तिथेच थांबलो. आणि हो, नेटवरून उतरवलेल्या कराओके ट्रॅकवर गायलात तर ते रेकॉर्डिंग पण दुसऱ्याचंच, म्हणजे डोकेदुखी डबल.

पैशांचं. आम्हाला आयकार्ड दाखवून ६०० रुपये तास पडला, कमीत कमी तीन तास. तक्रार अशी की माइक लावायचा वेळ पण तुमच्याच तासात धरतात. तबल्याचे माइक बसवेपर्यंत चांगला अर्धा तास जातो, मग ओरडू नका. दुसरी तक्रार जास्त खटकली, शेवटी फाइल्स पेन ड्राइव्हवर द्यायचे ३०० वेगळे मागितले. बुकिंगच्या वेळी एक शब्द नाही. माझा आवाज माझ्या ड्राइव्हवर घ्यायचे कसले पैसे? दादाला सांगितलं तर म्हणाला सगळीकडे घेतात. सगळीकडे घेत नाहीत. थोडी घासाघीस केल्यावर दीडशेवर आला.

फाइल्स घेताना मात्र घाई करू नका, खरा घोळ इथेच होतो. प्रत्येक ट्रॅक एकाच शून्यापासून सुरू होणारी वेगळी वेव्ह फाइल म्हणून मागा, म्हणजे घरी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तरी सगळं जागेवर बसतं. त्यांनी आधी तुकडे तुकडे दिलेले, तबल्याचा टेक गाण्याच्या मधूनच सुरू. परत काढून घेतले. ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होतो, चार मिनिटांचं गाणं धरलं तर एक ट्रॅक ३५ एमबी, आणि न वापरलेले टेक पण घ्यायचे असतात कारण घरी गेल्यावर कळतं की तिसऱ्या ओळीतला तो एक शब्द पहिल्या टेकमध्येच चांगला होता. व्हॉट्सॅपवर ऑडिओ म्हणून पाठवतो म्हणाले तर नाही म्हणा, तिथे फाइल दाबली जाते. घरी मिक्सिंगला मी रीपर हे सॉफ्टवेअर वापरलं, ६० दिवस सगळ्या फीचर्ससकट फुकट वापरून बघता येतं, प्रोजेक्ट त्यात आरामात होतो. तिथल्या खोलीत रेकॉर्ड झालेल्या आवाजावर मला लो कट, थोडा कॉम्प्रेशन (जोरातल्या-हळू आवाजातला फरक आवरायला) आणि एक छोटा प्लेट रिव्हर्ब याच्यापुढे काही लावावं लागलं नाही, म्हणून म्हणतेय पैसे खोलीत घाला.

जायचं कसं तर ठाणे स्टेशन पश्चिमेहून टीएमटीची बस किंवा रिक्षा, आणि मुलुंडवाल्यांना चेकनाक्याकडून येणं सोपं. घोडबंदरकडून येणाऱ्यांनी ट्रॅफिकचा वेळ हातात ठेवा, स्लॉट घड्याळावर चालू होतो, तुम्ही तीन हात नाक्याला अडकलात याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पार्किंग नाहीच, बाइक गल्लीत कशीबशी लागते. पेटी आणि तबला जिन्यावरून चढवायला दोन माणसं लागतील. बाथरूम ठीक. पाणी आपलं न्या आणि गाणाऱ्याने ते साधं प्या, फ्रिजचं नको. मामलेदारची मिसळ खायचा बेत असेल तर तो रेकॉर्डिंगनंतर, आधी नाही, त्या तर्रीनंतर गळ्याकडून तार सप्तकाची अपेक्षा ठेवू नये.

बुकिंगला फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा की फक्त रेकॉर्डिंग हवंय, मिक्सिंग आमचं आम्ही करणार, दादा स्वतः असेल तोच स्लॉट द्या, आणि फाइल्सचे वेगळे पैसे आहेत का ते व्हॉट्सॅपवर लिहून घ्या.